लॉकमधला चहा

सुलभाताई, तुमची बोट, बगळी, काल मेनूथला पोचली. वाटेत कुठे घासली नाही, पंख्यात काही अडकलं नाही, इंजिन एकदाही बंद पडलं नाही. तुम्ही असतात तर आधी हेच विचारलं असतंत, म्हणून आधी हेच सांगतो.

बाकीचं इतरांनी सांगून झालं आहे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमचा फोटो फिरला. तुम्ही मुंबईत कुठल्या कॉलेजात शिकलात, नावनच्या हॉस्पिटलात किती वर्षं भूल दिलीत, यजमान गेल्यावर रेवाला एकटीने कशी वाढवलीत, हे सगळं त्याखाली लिहून आलं. त्या फोटोत तुम्ही काठपदराच्या साडीत आहात. फोटो बरा आहे, पण मला तो तुमचा वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही येता त्या शेजारच्या बोटीतल्या नोएलने दिलेल्या जुन्या पिवळ्या रेनकोटात, कानांवर ओढलेल्या लोकरी टोपीत, आणि टोपीखालून डोकावणाऱ्या मोत्याच्या कुड्या घातलेल्या.

आणि पाठमोऱ्या. हातात चहाचा कप, माझ्याकडे पाठ. आपलं एक बोलणं अर्धवट राहिलं ते या पाठीवरूनच. ते आज पुरं करावं म्हणतो.

आपली ओळख गणपतीतली. मी आयर्लंडला येऊन मेनूथला शिकत होतो आणि मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये वरणभात वाढत होतो. तुम्ही ताट पुढे केलंत.

"कुठला रे तू?"

"जिंतूर. परभणी जिल्हा."

"पाणी आहे का तिकडे?"

"येलदरीचं धरण आहे ना जवळ."

"पोहता येतं?"

"कालव्यात शिकलोय."

"मग शनिवारी किलकॉकला ये. स्टेशनाला लागूनच कालवा आहे. निळी बोट. आणि भात थोडा अजून वाढ, लाजू नकोस."

मला वाटलं, बोटीतून फिरायला बोलावलंय. शनिवारी आलो तर तुम्ही टपावर उभ्या राहून बिस्किटांच्या डब्यांत लावलेली कोथिंबीर खुडत होता. आत शेगडीवर कुकर होता. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला की हे तुमचं घर आहे. एस.टी.पेक्षा लांब आणि एस.टी.पेक्षाही अरुंद. आत समोरासमोर दोन माणसं आली की एकाला अंग चोरावं लागायचं. बाहेर इंग्रजीत 'हेरन' असं नाव रंगवलेलं. बोटीचं नाव बदलू नये असं इथले लोक मानतात, म्हणून तुम्ही ते तसंच ठेवलं होतंत आणि हाक मात्र मराठीत मारायचात. बगळी.

त्या वर्षी विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नव्हत्या. मी कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होतो आणि घरी फोनवर 'सोय झालीय' असं सांगत होतो. तुम्ही ते मला न विचारताच ओळखलंत. "पुढची केबिन रिकामी आहे," तुम्ही म्हणालात. "बोट एका जागी ठेवू देत नाहीत, दर थोड्या दिवसांनी हलवावी लागते. हलवायला दुसरं माणूस लागतं. बघ, पटतंय का."

पटलं. त्याच आठवड्यात मी बॅगा घेऊन आलो. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पाण्यावर निजायलास का रे? साप-बिप निघत असतील की."

"या देशात साप नाहीत, आई. एकही नाही."

"असं कुठं असतंय व्हय. तुला नाही दिसले म्हणून नाहीत होय?"

मग वडिलांनी फोन घेतला. त्यांनी उभं आयुष्य कालव्याच्या पाळीची वाट बघण्यात घालवलं आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न वेगळा होता. "त्या कालव्यावर कोणाचं रान भिजायलंय?"

"कुणाचंच नाही, दादा."

"मग पाणी जातंय कुठं?"

मी तुम्हाला विचारलं. तुम्ही फोन हातात घेऊन त्यांना सांगितलंत, "कुठेही जात नाही, भाऊ. आम्हीच जातो." वडील बराच वेळ हसत राहिले. तुम्हाला ते पुढे कायम 'बोटवाल्या डॉक्टरीणबाई' म्हणायचे. परवा तुमची बातमी सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "बोट कोण बघतंय आता?" मला त्या प्रश्नाचं बरं वाटलं.

लॉक म्हणजे काय ते आईला समजावताना मी 'पाण्याचा जिना' म्हणालो होतो. कालवा टेकडी उतरतो तिथे दगडी हौद बांधलेले असतात. दोन्ही टोकांना लाकडी दारं. भरलेल्या हौदात बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातल्या झडपा चावीने उघडायच्या. पाणी खाली जातं, त्याबरोबर बोट खाली जाते. मग पुढचं दार उघडून बाहेर पडायचं. ही चावी म्हणजे हातभर लोखंडी हँडल. ती झडपेच्या दांड्यावर बसवून फिरवायची, हिवाळ्यात ती बोटांना चिकटते.

पहिल्याच दिवशी तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. "सुकाणू माझं, चावी तुझी."

पहिले काही आठवडे तुम्ही खालून ओरडून सांगायचात. अर्धीच उघड. थांब. आता दुसरी. त्यानंतर तुम्ही सांगणं सोडून दिलंत. बोट हौदात शिरली, मी मागचं दार लावलं, की बोट मागे सरकू नये म्हणून तुम्ही इंजिन किंचित पुढे लावायचात, सुकाणू कोपराखाली दाबायचात, माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसायचात आणि फ्लास्कमधला चहा ओतायचात. मी वर थंडीत दांडा फिरवतोय, धापा टाकतोय, आणि खाली तुमची पिवळी पाठ. पुढचं दार उघडलं की कप झटकून उठायचात.

मी काही बोललो नाही. राहायला जागा दिलेली, रोज रात्रीचं जेवण तुमच्याकडे, परीक्षेच्या दिवसांत तर तुम्ही मला डबा करून द्यायचात. तुमचे उपकार मी कधी विसरलेलो नाही आणि आजही विसरत नाही. पण लहान गावातून आलेल्या माणसाच्या मनात एक कोपरा असतो, तो अशा गोष्टी टिपून ठेवतो. आमच्या गावात साहेब लोक झाडाखाली चहा घेतात आणि पाटकरी गेट फिरवतो. मला ते चित्र आठवायचं.

नोएलनेही त्यात भर घातली. मागच्या बोटीत राहणारा म्हातारा नोएल मला 'की-मॅन' म्हणायचा. तो प्रेमानेच म्हणायचा, पण मला ते लागायचं.

दसऱ्याची गोष्ट मात्र आठवली की अजून हसू येतं. इंजिनाची पूजा करायची असं मीच काढलं. डब्लिनच्या दुकानातून झेंडूची माळ आणली, इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तुम्ही देवाधर्मातल्या नव्हता, पण आरती पाठ होती आणि आवाज चांगला होता. दुसऱ्या दिवशी मी निर्माल्य घेतलं आणि घरच्या सवयीने, हात जोडून, वाहत्या पाण्यात सोडलं. पाणी वाहतं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. माळ बोटीलाच टेकून राहिली. तुम्ही इंजिन सुरू केलंत, आणि ते गुरगुरून बंद पडलं.

पाण्याखालच्या पंख्यावर बघायला मागच्या बाजूला एक झाकण असतं. ते उघडून तुम्ही पालथ्या पडलात, खांद्यापर्यंत हात बर्फासारख्या पाण्यात घातलात. "कात्री," म्हणालात. अगदी ऑपरेशनच्या टेबलावर म्हणावं तसं. मी कात्री दिली. नायलॉनचा दोरा होता, झेंडू त्यावर घट्ट पिळले गेले होते.

"काय सापडलं?" नोएलने काठावरून विचारलं.

"देव," तुम्ही म्हणालात. "पंख्यात अडकलाय. सुटेल."

"ग्रँड," नोएल इथल्या 'ठीक आहे'च्या सुरात म्हणाला, आणि आपला पेपर वाचत राहिला.

झाकण पुन्हा बसवताना तुम्ही मला तीनतीनदा तपासायला लावलंत. ते सैल राहिलं तर बोट तिथूनच भरते आणि बुडते, हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी तुम्ही हात शेकत बसला होतात तेव्हा तुमच्या कामाबद्दल थोडं बोललात. एरवी बोलायचा नाहीत. "लोकांना वाटतं आम्ही झोपवतो," तुम्ही म्हणालात. "झोपवायला काय लागतं? खरं काम त्यानंतर. त्या माणसाने सगळं सोडून दिलेलं असतं. त्याच्या वतीने आपण जागं राहायचं. बाकी काही नाही." मग म्हणालात, "खालच्या प्रेसमध्ये सुंठ आहे, काढ." इथे राहून राहून तुम्ही कपाटाला प्रेस म्हणायला लागला होता. मी सुंठ शोधायला उठलो आणि बोलणं तिथेच राहिलं.

पुढच्या वसंतात तो प्रसंग झाला. हौदाच्या मागच्या दारापाशी पाण्याखाली एक दगडी कट्टा असतो. पाणी उतरत असताना बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं, तर मागचं वर राहतं, पुढचं खाली जातं, आणि बोट नाकावर बुडते. त्या दिवशी वारा होता. बगळी थोडी मागे सरकली असावी. मी वरून पाहिलं, तिचं नाक जरा जास्तच खाली वाटलं. मी विचार केला नाही. दोन्ही झडपा सोडून बंद पाडल्या, खाड् खाड्. पाणी उतरायचं थांबलं. बोट डुचमळली, इंजिनाच्या रेट्याने पुढे सरकली, मागचं टोक सुटून पाण्यावर आपटलं.

तुम्ही वळून वर पाहिलंत आणि म्हणालात, "चहा सांडलास."

एवढंच. मग कपात उरलेला प्यायलात, बोट पुढे घेतलीत. बाहेर काठाला लागल्यावर तुम्ही फ्लास्कचं झाकण चहाने भरून मला दिलंत आणि म्हणालात, "जागा होतास. बास."

मला वाटलं, आता सुकाणू मिळेल. सरळ पट्ट्यात तुम्ही मला ते धरू द्यायचात, पण लॉक आलं की माझ्याकडून काढून घ्यायचात. एव्हाना मला लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागली होती. कोट्यवधींच्या मशिनी माझ्या भरवशावर होत्या. मी विचारलं, "ताई, एकदा मला नेऊ द्या ना आत."

"नको. तू वरच बरा."

"म्हणजे मी जन्मभर चावीच मारायची का?"

"मारावी लागली तर बिघडलं काय?"

"काही नाही. कळलं मला."

"काय कळलं?"

मी दोर गुंडाळायला गेलो. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी लिक्सलिपला फ्लॅट घेतला. लग्न ठरलं होतं, घर हवंच होतं, ते कारण खरंच होतं. पण लग्न ठरलं नसतं तरी मी गेलो असतो. सामान न्यायच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "विटांच्या घरात झोप लागेल का रे?" मी म्हणालो, "ताई, माझ्या घरात अजून कुणी विटांच्या स्वतःच्या घरात झोपलेलं नाही. मला बघायचंय कसं वाटतं." त्यावर तुम्ही टपावरचा कोथिंबिरीचा एक डबा माझ्या मांडीवर ठेवलात.

नंतरही मी दर शनिवारी येत राहिलो. फराळाचे डबे आले-गेले. माझ्या बायकोला तुम्ही मटार सोलायला बसवायचात आणि मी बोट हलवून द्यायचो. चावी माझ्याच हातात, पाठ तुमचीच. तो विषय आपण काढला नाही. मी ठरवलं होतं की तुम्हाला मी मदतीला बरा माणूस वाटतो, त्यापलीकडे काही नाही, आणि त्यातही गैर काही नाही. मी त्या हिशेबाने वागत गेलो. जरा कमी बोललो. तुमच्या ते लक्षात आलं असणार.

शेवटी भेटलो ते नावनला, तुमच्याच हॉस्पिटलात, तुम्ही पलंगावर. नर्स तुमच्याशी अदबीने बोलत होत्या आणि तुम्ही त्यांना सलाईनचा वेग सांगत होता. मला कायम वरच का ठेवलंत, हे मी विचारणार होतो. घरून ठरवून आलो होतो. पण तुम्ही बॅटरीबद्दल बोलत राहिलात, तळाचं पाणी उपसायच्या पंपाबद्दल बोललात, मेनूथचं एक जोडपं बगळी घ्यायला तयार आहे ते सांगितलंत. मग म्हणालात, "तू नेशील ना? सुकाणू तू धर. चावी रेवाला दे."

खरं सांगतो, त्या खोलीत, तुम्हाला तसं बघत असतानाही, मला आनंद झाला. अखेर बढती मिळाल्यासारखा. त्या आनंदात मी मुख्य गोष्ट विचारायची विसरलो, आणि पुढच्या वेळी विचारायला तुम्ही नव्हता.

तर काल. रेवा सँडीफोर्डहून सकाळीच आली, ऑफिसला सुट्टी टाकून. तुम्हाला माहीत आहे ती बोटीला काय म्हणायची. 'माझी आई गटारात राहते' असं मैत्रिणींना सांगायची आणि तुम्ही ते कौतुकाने सगळ्यांना सांगायचात. काल तिने तुमचा पिवळा रेनकोट घातला. मी मराठीत बोलत होतो, ती इंग्रजीत, नेहमीप्रमाणे.

दोर सोडताना नोएल काठावर आला. म्हणाला, "मी समोर रिकामा बसलेला असायचो, बाला. तिला म्हणायचो, आण ती चावी, पाच मिनिटांचं काम आहे. नाही म्हणायची. शनिवारी बालाजी येतो, म्हणायची. एकदा जागा बदलायचा दिवस उलटला, कालव्याचा वॉर्डन येऊन बोलून गेला, तरी शनिवारपर्यंत थांबली." मग त्याने नाक पुसलं आणि "ग्रँड" असं उगाचच म्हणाला.

पहिलं लॉक. मी बगळी आत घेतली. बरी घेतली, फक्त एकदा भिंतीच्या अगदी जवळ गेली. रेवाने दार लावलं. मी इंजिन पुढे लावलं. पाणी उतरायला लागलं.

ताई, तिथे खालून काय दिसतं ते मला माहीतच नव्हतं. दोन्ही बाजूंना ओल्या काळ्या भिंती, त्या वर वर चाललेल्या. मागे दारातून गळणारं पाणी आणि हळूहळू वर येणारा तो कट्टा. पुढे बंद दार. वर आकाशाची एक पट्टी, आणि त्या पट्टीत चावी धरलेलं एक माणूस. सुकाणू हातात असतं, पण वळायचं कुठे? काही चुकलं तर ओरडता येतं, एवढंच. आणि ओरडलेलं पाण्याच्या आवाजात वर जाईल याची खात्री नाही. आपण वाचणार की बुडणार हे वरचा माणूस ठरवतो. तो फोनकडे बघत असला, त्याला शिंक आली, तो रुसलेला असला, तरी तोच.

"अर्धीच उघड, रेवा! थांब! आता दुसरी. हळू!"

"आय ॲम नॉट ॲन इडियट, बालाजी!"

"कट्टा बघ! मागे बघ!"

"बघतेय!" हे ती मराठीत म्हणाली. तिच्याही लक्षात आलं नसेल.

मी तिच्या हातांवरून नजर काढू शकलो नाही. पूर्ण वेळ. बाहेर पडलो तेव्हा मान आखडली होती. आणि काठाला लागल्यावर सुकाणूपाशी बसून राहिलो, कारण इतकी वर्षं मी ज्या पाठीकडे बघत होतो ती तेव्हा कुठे मला दिसली. जिंतूरच्या एका पोराच्या हातात चावी देऊन तुम्ही त्या हौदात उतरायचात आणि तो काय करतोय हे बघायचासुद्धा नाहीत. चहा प्यायचात. रोज ऑपरेशनच्या टेबलापाशी तुम्ही जे काम करायचात, तेच तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या हातात दिलं होतंत, आणि मी त्याला हलकं काम समजत राहिलो. 'तू वरच बरा.' तुम्ही तर सरळ शब्दांत सांगितलं होतंत.

दुसऱ्या लॉकमध्येही मी ओरडलो, पण कमी.

तिसऱ्या लॉकपर्यंत रेवाचा हात बसला होता. तिने न सांगता अर्धी झडप उघडली, थांबली, कट्ट्याकडे पाहिलं, मग दुसरी उघडली. रेनकोटाच्या बाह्या तिने तुमच्यासारख्याच दुमडल्या होत्या. मी इंजिन किंचित पुढे लावलं, सुकाणू कोपराखाली दाबलं, आणि तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसलो. फ्लास्क जागेवरच होता. सकाळी तिनेच भरून ठेवला होता. चहा ओतताना फ्लास्क कपाच्या काठावर वाजत राहिला, थांबेना. तुमचाही वाजत असेल. वर दाराशी पाणी इतकं कोसळत असतं की खालचं काहीच ऐकू येत नाही.